कळवलं म्हणजे विचारलं असं होत नाही

तुझा मेल दोनदा वाचला. नोकरीची ऑफर चांगली आहे, पाइपलाइनसारख्या प्रोजेक्टच्या परवानग्यांच्या रिपोर्टचंच काम आहे, आणि तू विचारतेस की काका, अमेरिकेत स्टँडिंग रॉकला, मूळ रहिवासी सू लोकांच्या राखीव प्रदेशाजवळ, तेलाच्या पाइपलाइनविरुद्ध हजारो लोक बर्फात बसले तरी जून 2017 पासून तेल वाहतंच आहे, मग मी आत जाऊन काय वेगळं करणार. अगं, तेलापासून सुरुवातच करू नकोस. त्या लोकांना विचारलं कधी आणि कसं, तिथून सुरुवात कर. कळवणं म्हणजे विचारणं नाही, हे मी दहा वेळा सांगेन कारण मला कोणी एकदाही सांगितलं नाही.

नकाशा उघड. डकोटा अ‍ॅक्सेसची पाइपलाइन, म्हणजे हीच, साधारण 1,900 किलोमीटर, नॉर्थ डकोटा ते इलिनॉय. मिसुरी नदी ओलांडायचा एक पर्याय बिस्मार्क शहराच्या उत्तरेला होता, तो सोडला, शहराच्या पाण्याच्या विहिरी जवळ आहेत हे त्यातलं एक कारण. मग लाइन नेली ओआहे तलावाखालून, स्टँडिंग रॉकच्या हद्दीपासून किलोमीटरभरही लांब नाही. तो तलाव म्हणजे धरणाचं पाणी, त्यात या लोकांची नदीकाठची सुमारे 56 हजार एकर जमीन आधीच गेलेली. पाणी त्यांचं, धोकाही त्यांच्याच वाट्याला.

ट्राइब, म्हणजे स्टँडिंग रॉकची जमात, उशिरा बोलली म्हणतात ना, ते ऐकलं की माझं डोकंच फिरतं! 30 सप्टेंबर 2014 ला पाइपलाइन कंपनीची माणसं ट्राइबच्या कौन्सिलसमोर आली तेव्हाच ट्राइबचे अध्यक्ष डेव्ह आर्चम्बॉल्ट यांनी सरकारशी झालेल्या आमच्या जुन्या कराराच्या हद्दीत ही लाइन नको असं तोंडावर सांगितलं, रेकॉर्डिंग आहे त्याचं. तरी जुलै 2016 मध्ये आर्मी कोअरने, म्हणजे तलावाखालून जायची परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याने, पर्यावरणावर 'लक्षणीय परिणाम नाही' लिहून मोकळं केलं. पूर्ण पर्यावरण अहवाल करा असं फेडरल कोर्टाचे जज बोसबर्ग यांनी सांगितलं मार्च 2020 मध्ये, जुलैत लाइन रिकामी करायचाही आदेश दिला, तो वरच्या कोर्टाने अडवला. म्हणजे आधी पाइप, मग अभ्यास. नाही म्हणायची सोय उरलेली असताना विचारलं तरच ते विचारणं.

मीही अशाच एका फर्ममध्ये होतो, प्रोजेक्ट दुसऱ्या राज्यातला, छोटा. एका ट्राइबच्या ऑफिसला तीन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही. तक्त्यात 'प्रतिसाद नाही' लिहायचं होतं, मी 'हरकत नाही' लिहिलं. दोन शब्दांमधला एक बदलला फक्त. व्हिसा कंपनीच्या हातात होता, बाबांच्या ऑपरेशनचे पैसे पाठवायचे होते, डेडलाइन शुक्रवारची होती, आणि मी नसतं लिहिलं तर शेजारच्या टेबलावरच्याने लिहिलं असतं. हे सगळं खरं आहे. पण त्या ऑफिसला फोन करायला दहा मिनिटं लागली असती, तीही मी काढली नाहीत, आणि एकोणीस वर्षं झाली तरी तो तक्ता डोळ्यासमोर येतो.

नोकरी घे की नको घेऊ, ते मी ठरवणार नाही. घेतलीस तर फोन कर, गाडी काढून जा, कौन्सिलसमोर बस, ते नाही म्हणाले तर नाही असंच लिही. मॅनेजर म्हणेल पत्र पाठवलंय ना, बास. बास नाही!! कळवणं म्हणजे विचारणं नाही.

ऑफर लेटर पाठव मला. सही करण्याआधी त्यांना विचार की ट्राइबशी बोलायला कोण जातं आणि रूट ठरायच्या आधी जातं की नंतर. काय म्हणाले ते रविवारी सांग, मी सकाळी घरीच आहे.