किट मागवण्याआधी टेप घे

मित्रा, पिकअपचं पुढचं टोक उचलून मागच्याइतकं करणारं लेव्हलिंग किट मागवायचं असेल, तर आधी गाडी सपाट जागेवर उभी कर आणि चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर पुढे-मागे मोज. पिकअपचं नाक मुद्दाम खाली ठेवलेलं असतं. मागे वजन पडलं की ती सरळ होते. कायम माल वाहत असशील तर लेव्हलिंग किट नकोच. भरलेली गाडी मागे बसेल, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातील.

रिकामीच फिरवणार असशील तर पुढून दीड-दोन इंच उचलणं पुरे. त्यापुढे नुसते स्पेसर (सस्पेन्शनवर बसवायचे उंची वाढवणारे ठोकळे) घालू नकोस, हात जोडून सांगतो. पुढच्या सीव्ही जॉइंटचा, म्हणजे चाकाला ताकद पोचवणाऱ्या वळत्या सांध्याचा, कोन वाढतो. त्या सांध्यावरचं रबरी आवरण (बूट) फाटून चाकाच्या आतून ग्रीस उडालेलं मी पाहिलंय. चार इंच हवेच असतील तर डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) खाली घेणारं पूर्ण लिफ्ट किट घे. आणि बसवल्यावर अलाइनमेंट लगेच, त्याच दिवशी.