मोठ्या वाहतूक कंपनीत लांब पल्ल्याच्या ट्रेलरवर चालकाची नोकरी केल्यास रोजचा त्रास नेमका कशाचा असतो?

तुम्ही लिहिले आहे की तीन हंगाम कारखान्याच्या ऊस वाहतुकीवर गाडी चालवली, आता अवजड वाहनाचा परवाना हातात आहे आणि एका मोठ्या कंपनीकडून मुंबईजवळचे न्हावा शेवा बंदर ते दिल्लीजवळचे मानेसर या मार्गावर कंटेनरच्या ट्रेलरसाठी बोलावणे आले आहे. घरचे ‘पक्की नोकरी आहे, सोडू नको’ म्हणतात, पण तिथे रोज काय सोसावे लागते हे कोणी सांगत नाही. मी याच मार्गावर नऊ वर्षे अशाच एका कंपनीच्या गाड्या चालवल्या आणि गेल्या वर्षापासून जिल्ह्यातच दुधाचा टँकर चालवतो. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण पुढे जे लिहिले आहे ते इतर कंपन्यांतल्या माझ्या ओळखीच्या चालकांनीही थोड्याफार फरकाने भोगलेले आहे.

बाहेरच्या माणसाला वाटते की या कामातला त्रास म्हणजे घाट, रात्रीची जागरणे आणि पोलीस. हे सगळे आहेच, पण त्याची सवय होते आणि ऊस वाहिलेल्या माणसाला ती लवकर होईल. मला विचाराल तर गाडी चालवणे हा या नोकरीतला सर्वांत सुखाचा भाग आहे. उदयपूर सोडल्यावर पहाटेचा मोकळा रस्ता लागतो, तेव्हा आपण कोणाचे नोकर आहोत हेसुद्धा विसरायला होते. खरा त्रास गाडी उभी असताना होतो. मूळ पगार लहान असतो आणि हातात येणाऱ्या रकमेचा मोठा वाटा फेरीमागच्या भत्त्यातून येतो, त्यामुळे महिन्यात तीन फेऱ्या झाल्या की चार, एवढ्यावर घरचे गणित ठरते; आणि ती चौथी फेरी व्हावी की नाही हे तुमच्या हातात नसून बंदराच्या फाटकावर, कारखान्याच्या गोदामात किंवा पोलिसांच्या वाहतूक शाखेच्या आदेशात ठरते.

एका फेरीचाच हिशेब पाहा. न्हावा शेव्याहून मानेसर सुमारे १,४०० किलोमीटर आहे आणि भरलेली गाडी नीट चालली तर चौथ्या दिवशी पोहोचते. प्रत्यक्षात पहिला दिवस बंदराच्या रांगेतच जातो. कधी टर्मिनलची यंत्रणा बंद असते, कधी कागदावरचा कंटेनर क्रमांक जुळत नाही, कधी कस्टमचे काही राहिलेले असते, आणि यातले काहीही चालकाला कोणी समजावून सांगत नाही. पुढची गाडी सरकली की आपणही सरकायचे, एवढेच. तिथून सुटलात की कळंबोली, मुंब्रा बायपास आणि ठाण्याचा पट्टा. ठाण्यात अवजड वाहनांना ठराविक वेळीच सोडतात, त्यामुळे बंदरात दोन तास जास्त गेले की इथे आणखी पाच-सहा तास रस्त्याच्या कडेला काढावे लागतात. पुढे चिंचोटीला राष्ट्रीय महामार्ग ४८ लागतो. २०२४ मध्ये या महामार्गाच्या महाराष्ट्रातल्या भागावर काँक्रीटचा थर देण्याचे काम चालू होते, तेव्हा अच्छाडला गुजरातची सीमा ओलांडेपर्यंत माझा दिवस संपल्याचे मला अनेकदा आठवते. तेवढ्या वेळात मी काय केले असे विचारले तर उत्तर एकच आहे: क्लच दाबला आणि सोडला.

मानेसरला पोहोचल्यावर काम संपत नाही, उलट सर्वांत वाईट वेळ तिथेच जातो. एकदा मी शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला एका कारखान्याच्या फाटकावर गाडी लावली. गोदामात जागा नाही म्हणून शनिवारी आत घेतले नाही, रविवारी सुट्टी होती आणि सोमवारी दुपारी कंटेनर रिकामा झाला. या पासष्ट-सहासष्ट तासांत गाडी सोडून जाता येत नव्हते, कारण सील आणि माल या दोन्हींची जबाबदारी माझी होती. फाटकाच्या आत स्वच्छ शौचालय होते, पण ते कारखान्याच्या कामगारांसाठी. बाहेर उभ्या असलेल्या वीस-पंचवीस चालकांनी झुडपांच्या आड जावे, असाच तिथला रिवाज होता. पहारेकरीही आपल्यासारखाच गरीब माणूस असतो, पण फाटकाशी उभा राहून तो ज्या आवाजात ‘गाडी मागे घे’ म्हणतो, त्या आवाजाची सवय मला नऊ वर्षांत झाली नाही. एवढे थांबल्याबद्दल माझ्या कंपनीने ग्राहकाकडून खोळंब्याचे पैसे घेतले, हे मला नंतर कार्यालयातल्या एका कारकुनाकडून कळले. माझ्या हिशेबात पहिले चोवीस तास वगळून उरलेल्या वेळाचे जे हॉल्टिंग, म्हणजे थांबून राहण्याचा भत्ता, आले, त्यात त्या तीन दिवसांचे जेवणसुद्धा भागले नव्हते.

डिझेलचा हिशेब हा दुसरा मोठा विषय. कंपनी मार्गाप्रमाणे ॲव्हरेज ठरवून देते. आमच्या भरलेल्या ट्रेलरला ते लिटरमागे सुमारे तीन किलोमीटर होते आणि त्याहून जास्त डिझेल लागले तर फरक पगारातून कापला जाई. कागदावर हे न्याय्य दिसते आणि डिझेल विकणारे चालक असतात हेही मी नाकारत नाही, परंतु ठरवलेल्या आकड्यात घाट थोडाफार धरलेला असतो आणि रांग अजिबात धरलेली नसते. उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवले तर तासाला दोन लिटरच्या आसपास डिझेल जाते. आता नव्याने तयार होणाऱ्या अवजड ट्रकांना वातानुकूलित केबिन बंधनकारक झाली आहे, त्याचे तुम्हाला अप्रूप वाटत असेल आणि वाटायलाच हवे. राजस्थानातल्या मे महिन्यात तापलेल्या केबिनमध्ये मी झोपलो आहे. मात्र बहुतेक गाड्यांत इंजिन बंद केले की एसीही बंद होतो. फाटकाबाहेर दुपारी सहा तास एसी लावून झोपलात तर बारा लिटर गेले, म्हणजे हजार रुपयांच्या वर, आणि ते कोणाच्या हिशेबात पडणार हे नोकरी धरण्यापूर्वीच विचारून घ्या.

मोठ्या कंपनीत प्रत्येक गाडीवर जीपीएस असतो. त्याचा फायदाही आहे. गुजरात-राजस्थान सीमेजवळच्या शामलाजीच्या पुढे माझी गाडी बंद पडली तेव्हा मी फोन करण्याआधीच कार्यालयाचा फोन आला होता. परंतु एरवी त्याच यंत्रामुळे चहाला थांबलात तरी ‘गाडी का उभी आहे?’ असा प्रश्न येतो आणि विचारणारा मुलगा पुण्याच्या किंवा गुरगावच्या खोलीत पडद्यावरचा ठिपका पाहत असतो. बंदरात अकरा तास गेले की तोच मुलगा रात्री म्हणतो की गाडी उशिरा चालली आहे, जरा ओढून घ्या. आता वेग नियंत्रक ताशी ८० किलोमीटरला बांधलेला, त्यामुळे ओढून घेण्याचा एकच मार्ग उरतो आणि तो म्हणजे झोप कमी करणे. १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि लांब पल्ल्यासाठी फार तर दहा तास कामाची मर्यादा घातली होती. ती पाळायची तर रांगेतले तास काम धरायचे की विश्रांती, हा प्रश्न कधीतरी कोणीतरी विचारायला हवा होता. आमच्या कार्यालयाच्या लेखी ती विश्रांती होती.

ई-वे बिलाचेही, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचेही, असेच आहे. आधी शंभर किलोमीटरला एक दिवसाची मुदत मिळे. १ जानेवारी २०२१ पासून ती दोनशे किलोमीटरला एक दिवस झाली, म्हणजे आपल्या मार्गाला साधारण सात दिवस मिळतात. सरळ चाललेल्या गाडीला ते भरपूर झाले. पण वाटेत गिअर बॉक्स गेला आणि दोन दिवस मिस्त्रीकडे काढले की चालकाच्या पोटात गोळा येतो. मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच ती वाढवून घेता येते, ते काम कार्यालयाचे असते आणि नेमके तेव्हा रात्रपाळीचा माणूस फोन उचलत नाही. घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी, बदलून कंटेनर पुढे नेला, तर बिलाच्या दुसऱ्या भागात नव्या गाडीचा क्रमांक चढला आहे की नाही हे स्वतः पाहिल्याशिवाय निघू नका. दंड मालावर बसतो, पण अडवून ठेवलेल्या गाडीत दिवस काढायचे ते चालकाने.

किरकोळ कपातींची यादी देत बसत नाही. भिवंडीच्या गोदामांत हमाली आणि वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचे पैसे, कोणी द्यायची यावरून जवळजवळ प्रत्येक वेळी वाद होतो आणि पावती न मिळालेला पैसा कंपनी परत देत नाही, एवढे लक्षात ठेवा.

याचा अर्थ नोकरी धरू नका, असा मी काढणार नाही. पगार ठरलेल्या तारखेला जमा होत होता, भविष्यनिर्वाह निधी कापला तसा भरला जात होता, टायर गुळगुळीत होण्याआधी बदलले जात होते, आणि एका अपघातानंतर कंपनीचा वकील दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात हजर होता. एकट्या मालकाच्या गाडीवर यातले फारसे काही मिळाले नसते. मात्र अशा कंपन्या स्वतःच्या गाड्यांबरोबर ठेकेदारांच्या गाड्याही लावून घेतात. बाहेर रंग आणि नाव कंपनीचे, पण चालक ठेकेदाराचा. म्हणून नेमणूकपत्रावर सही कोणाची आहे हे आधी पाहा. हॉल्टिंग कोणत्या तासापासून सुरू होते, दिवसाला किती मिळते, रांगेतल्या डिझेलची सूट आहे का आणि महिन्यातून किती दिवस घरी सोडतात, ही उत्तरे तोंडी न घेता कागदावर मागा. मागितल्यावर भरती करणारा साहेब हसला, तर तेही एक उत्तरच समजा.

रुजू होण्याआधी एक दिवस मोडून कळंबोलीला जा आणि त्याच कंपनीच्या उभ्या गाड्यांमधल्या दोन-तीन चालकांशी बोला. पगार किती असे विचारू नका, तो प्रत्येक जण वाढवून किंवा कमी करून सांगतो. गाडी कधीपासून उभी आहे एवढेच विचारा आणि तारीख लिहून घ्या.