बाबा गेले आणि मला रडूच आलं नाही

‘माझं काही बिघडलंय का हो, मॅडम?’ जवळचं माणूस गेल्यावर डोळ्यांत पाणी आलं नाही, की हा प्रश्न पडतो. समुपदेशनाच्या खोलीत माझ्याकडे तो अनेकदा येतो आणि विचारताना बहुतेकांचा आवाज खाली जातो. त्यामागे दोन भीती असतात. माझं त्या माणसावर प्रेमच नव्हतं की काय, ही एक. आणि आत दाबलेलं दुःख पुढे कधीतरी उसळून मी कोसळेन, ही दुसरी.

फोंड्याजवळच्या एका गावातून आलेल्या बाईंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय चाळिशीच्या पुढे, नोकरी पतसंस्थेत. वडील मराठी शाळेतले निवृत्त मास्तर. अर्धांगवायूनंतर दोन वर्षं अंथरुणावर होते. बांबोळीला गोमेकॉतल्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळातल्या) फेऱ्या, रात्रीची औषधं, कूस बदलणं, सगळं या लेकीनेच केलं. वैशाखात ते गेले. मुंबईहून आलेली धाकटी बहीण दारातच कोसळली. ही मात्र आल्यागेल्याच्या चहाचं पाहत होती, भटजींना सामानाची यादी विचारत होती. बाराव्याला आलेल्या एका मावशीने तिच्या देखत म्हटलं, ‘हिच्या डोळ्यांत टिपूस नाही गो!’ तेरावं झालं आणि ती कामावर रुजू झाली.

ते वाक्य मात्र तिच्या मनातून गेलं नाही. त्यात कुणीतरी मोबाइलवर दुःखाच्या पाच पायऱ्या पाठवल्या: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. रोज रात्री अंथरुणावर पडल्यावर ती स्वतःला तपासू लागली: आज राग आला का? नैराश्य आलं का? मी अजून पहिल्याच पायरीवर अडकलेय का? चतुर्थी झाल्यावर ती माझ्याकडे आली ती थकलेली होती. मला विचाराल तर तो थकवा दुःखापेक्षा या तपासणीचा जास्त होता.

मी आधी साध्या गोष्टी विचारल्या. झोप येते का? जेवण जातं का? कामात चुका होतात का? बाबांच्या खोलीत जाता का? ती खोलीत जात होती, त्यांचा चष्मा पुसून ठेवत होती, भाच्याचा अभ्यासही तिथेच घेत होती. मग मी चतुर्थीबद्दल विचारलं.

यंदा सगळं साधेपणाने केलं, म्हणाली, पण माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधली. भाच्याने पटकन होईल म्हणून सुतळी आणली होती. ‘बाबा असते तर सगळं सोडायला लावलं असतं. सुपारीचा घड असो की कवंडळाचं रानफळ, त्यांना केवणीच्या सालीचाच दोर लागायचा. एकदा काकांनी नायलॉनची दोरी वापरली तर बाबा अर्धा दिवस बोलले नाहीत त्यांच्याशी!’ हे सांगताना ती हसली, अगदी डोळ्यांपर्यंत पोचलेलं हसू. हसता हसताच डोळे भरले. तिने पदराने टिपले आणि लगेच विचारलं, ‘पेन्शनचे कागद अजून द्यायचे राहिलेत, ते कुणाकडे द्यायचे असतात हो?’

ही पाच मिनिटं मला फार मोलाची वाटली. मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट या अभ्यासकांनी १९९९ साली नेमकं हेच मांडलं. शोकात असलेलं माणूस थोडा वेळ गमावलेल्या माणसाकडे वळतं, थोडा वेळ नव्याने अंगावर पडलेल्या कामांकडे, आणि हे येणं-जाणं चालू राहणं हेच निरोगी शोकाचं लक्षण. हसण्याचंही तसंच. डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो यांच्या १९९७ च्या अभ्यासात, जोडीदार जाऊन काही महिने झालेली जी माणसं त्यांच्या आठवणी सांगताना मनापासून हसली, त्यांची मानसिक ओढाताण कमी आढळली.

पाच पायऱ्यांचंही तिला सांगितलं. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ साली त्या मांडल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्या प्रत्येकाने त्या क्रमाने चढाव्यात, असा काही नियम नाही. आणि ‘न रडलेलं दुःख पुढे उसळतं’ ही समजूत १९३७ साली मनोविश्लेषक हेलेन डॉइच यांनी थोड्याच रुग्णांच्या कहाण्यांवरून लिहिली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. बोनॅनो आणि नायजेल फील्ड यांनी जोडीदार गमावलेल्यांना पाच वर्षं पाहिलं, तेव्हा असा उशिरा उसळणारा शोक जवळपास आढळलाच नाही.

सगळ्यात महत्त्वाचा मला बोनॅनो यांचाच २००२ चा अभ्यास वाटतो. अमेरिकेतल्या डेट्रॉइट भागातल्या वयस्क जोडप्यांशी आधीच बोलणं झालं होतं. पुढे त्यांतल्या २०५ जणांनी जोडीदार गमावला, तेव्हा मृत्यूच्या आधीचं आणि नंतरचं ताडून पाहता आलं. जवळपास ४६ टक्के लोक दीड वर्षात कधीच नैराश्यात गेले नाहीत. त्यांचे संसार कोरडे होते का? तसं दिसलं नाही. आठवणींनी त्यांनाही गलबलून यायचं, पण रोजचं जगणं सुटलं नाही. सुमारे १० टक्के लोक तर आधी खचलेले होते आणि मृत्यूनंतर सावरले. यांतल्या कित्येकांचे जोडीदार दीर्घ आजारी होते.

हे ऐकून ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘मॅडम, बाबा गेल्यावर तिसऱ्या रात्री मला दोन वर्षांनी सलग झोप लागली. हे मी कुणालाच सांगितलं नाही.’ खरा काटा तो होता. रडू न येण्याची लाज वरवरची. सुटल्यासारखं वाटल्याची लाज खोलवर गेली होती. पुढच्या दोन बैठका आम्ही त्यावरच बोललो. दोन वर्षं उशाशी बसलेली लेक रोज थोडा थोडा निरोप घेत असते. शेवटच्या दिवशी तिच्याकडे अश्रू कमी उरले, तर त्यात गुन्हा कुठला?

एक सांगायलाच हवं. २००२ चा तो अभ्यास वयस्क जोडीदारांचा. पोटचं मूल गेलं, कुणी आत्महत्या केली, अपघातात अचानक माणूस गेलं, तर शोक रेंगाळण्याचा धोका बराच जास्त असतो. आणि हे आकडे रडणाऱ्यांना गप्प करायला वापरू नका. तिची मुंबईची बहीण अजून रडते, पण नोकरी करते, मुलांचं करते, बाबांचा विषय निघाला की बोलतेही. तिलाही कसला आजार नाही. दोघींना एकत्र व्हिडिओ कॉलवर घेतलं, तेव्हा धाकटी थोरलीला म्हणाली, ‘तू चहा बघत होतीस म्हणून मला रडता आलं गं.’

मग मदत कधी घ्यायची? जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणात ‘दीर्घकालीन शोकविकार’ हा वेगळा आजार मानला आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ ओढ तितकीच तीव्र राहते, मृत्यू खरा वाटत नाही, स्वतःला दोष देणं थांबत नाही, काम आणि नाती सुटत जातात. अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेने मोठ्यांसाठी ही मुदत एक वर्षाची धरली आहे. यावर उपचार आहेत. कॅथरिन शिअर यांनी खास शोकासाठी तयार केलेली सुमारे १६ बैठकांची पद्धत २००५ मध्ये तपासली गेली आणि तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या मानसोपचारापेक्षा ती अधिक उपयोगी ठरली. पण ‘मलाही त्यांच्याकडे जायचंय’ असे विचार येत असतील, दारू वाढली असेल, खाणंपिणं सुटलं असेल, तर महिने मोजत बसू नका. बांबोळीची मनोरुग्ण चिकित्सा संस्था आहे, आणि टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालू असतो. स्वतःहून फोन करणं जमत नसेल, तर घरातल्या कुणालातरी लावायला सांगा.