तहसीलच्या जीपनं बैल मारला. सरकारवर दावा लागतो का?

भाऊ, पंचनाम्याला आलेल्या तहसीलच्या जीपनं तुमच्या वडिलांचा बैल मारला आणि पारावरचे लोक सांगतात, 'सरकारवर केस होत नसते.' होते. तालुका कोर्टात वकिली करतो, त्यामुळे हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर येतं.

या समजुतीचं मूळ इंग्रजांच्या कायद्यात आहे. तिथं राजाला त्याच्याच कोर्टात खेचता येत नसे. आपल्याकडे ते अर्धवटच आलं. संविधानाचं कलम 300 म्हणतं, राज्यावर राज्याच्या नावानं दावा लावता येतो. भांडण होतं ते सरकारी माणूस कोणतं काम करत होता यावरून. 1947 साली मेरठच्या पोलिसांनी एका व्यापाऱ्याचं सोनं जप्त केलं, हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळाला. सुप्रीम कोर्ट म्हणालं, जप्ती हा राज्याचा सार्वभौम अधिकार, म्हणजे फक्त राज्यच करू शकतं असं काम, म्हणून भरपाई नाही! मला तो निकाल कधीच पटला नाही, आणि पुढं कोर्टानंच त्याची धार बरीच बोथट केली. कोठडीतल्या मृत्यूत तर 1993 पासून ही ढाल चालतच नाही.

तुमचं प्रकरण उदयपूरच्या विद्यावती खटल्याच्या जवळचं आहे. कलेक्टरची जीप दुरुस्तीहून परत आणताना चालकानं रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला उडवलं. 1962 मध्ये सुप्रीम कोर्टानं राजस्थान सरकारला जबाबदार धरलं. सरकारी वकील म्हणेल, पंचनामा हे सार्वभौम काम होतं. असू द्या. गाडी बेफाम हाकणं हा काही राज्यकारभार नव्हे.

आता कागद. पोलिसांत तक्रार, पशुवैद्यकीय डॉक्टरचा शवविच्छेदन अहवाल, बैलाच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर, बैलबाजारातली खरेदीची पावती. मग दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची नोटीस कलेक्टरच्या नावानं. त्यात वडिलांचं नाव-पत्ता, काय घडलं आणि किती रक्कम हवी हे लिहा. आवक-जावकला द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख मारून घ्या. बाबू 'ठेवून जा' म्हणाला तरी शिक्क्याशिवाय हलू नका. दोन महिने थांबायचं, मगच दावा. प्रतिवादी 'महाराष्ट्र राज्य', तहसीलदार नव्हे.

दुसरा रस्ता मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा. तिथं ही नोटीस लागत नाही, पण कायद्यात मुदत सहा महिन्यांची, म्हणून आधी तिकडचंच वकिलाला विचारा. दिवाणी दावा जिंकलात तरी तीन महिने वसुली लावता येत नाही. त्यानंतर वसुलीला कोर्टाचा बेलीफ जातो. भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्यापायी सरकारी गाड्या-खुर्च्यांवर जप्ती आल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील.