वेड्यांच्या इस्पितळात घडणारं, सायन्स फिक्शन आणि भय दोन्ही असलेलं एखादं श्राव्यनाटक सुचवाल का?

'मिन्युएट इन हेल' ऐका. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेवरची श्राव्यनाटकं काढणाऱ्या बिग फिनिशने ते 2001 मध्ये आणलं. चार भाग आहेत, भाषा इंग्रजी.

अमेरिकेचं नवंकोरं, काल्पनिक 51वं राज्य. तिथल्या मनोरुग्णालयात 'डॉक्टर', म्हणजे मालिकेचा काळप्रवासी नायक (आवाज पॉल मॅकगॅन), स्मृती गमावून अडकलाय. शेजारी दुसरा रुग्ण, गिडियन क्रेन. तोही छातीठोकपणे सांगतो, डॉक्टर मीच! पडद्यावर हे जमलंच नसतं. चेहरा दिसला की प्रश्न मिटला. इथे हाती फक्त दोन आवाज, आणि मॅकगॅनचा आवाज ओळखीचा असूनही मी मध्येच डळमळलो. शिवाय मेंदूशी खेळणारं एक यंत्र आहे आणि त्यातून येणारी सैतानी भानगड. मालिकेतला डॉक्टरचा जुना लष्करी मित्र ब्रिगेडियरही आहे, निकोलस कोर्टनीच्याच आवाजात, म्हणजे जुन्या चाहत्यांची चंगळ.

खोड एकच: ब्रिटिश नटांनी काढलेले अमेरिकन उच्चार. काही ठिकाणी भीतीऐवजी हसू फुटतं. राजकारणाचा भागही पाल्हाळिक वाटला. पण इस्पितळातले प्रसंग रात्री, हेडफोन लावून ऐका. आणि हो, यात डॉक्टरची सोबतीण असलेली चार्ली पोलार्ड कोण हे ठाऊक नसेल तर आधी बिग फिनिशचंच 'स्टॉर्म वॉर्निंग' ऐकून घ्या, तिची ओळख तिथेच होते.