उतारावरचा ग्रॅनी फ्लॅट: घर आडवं बसवा, माती कमी हलवा

तुमची माहिती अशी: सिडनीच्या वायव्येला ६२० चौ. मी.चा प्लॉट, रुंदी १५ मीटर, रस्त्याकडून मागे ८ मीटरला १ मीटर उतरणारा. मुख्य घरामागे ग्रॅनी फ्लॅट, म्हणजे त्याच प्लॉटवरचं छोटं दुसरं घर, बांधायचंय; पुण्याहून आई-वडील येऊन-जाऊन राहणार. कंपनीचं १२ बाय ५ चं तयार घर पसंत पडलंय आणि विक्रेता म्हणतो, "साइट कॉस्ट (जागा आणि पाया तयार करायचा खर्च) नंतर बघू." उतारावर ब्रोशरमधला आकडा फक्त जमिनीच्या वरचा असतो. खरा खर्च जमिनीखाली, त्यामुळे "नंतर" चालणार नाही.

प्लॉट ४५० चौ. मी.पेक्षा मोठा आणि घर ६० चौ. मी.च्या आत, म्हणजे न्यू साउथ वेल्समध्ये कौन्सिलकडच्या बांधकाम अर्जाऐवजी (डीए) परवानाधारक सर्टिफायरकडून झटपट मंजुरी (सीडीसी) घेण्याचा रस्ता सहसा खुला आहे. पण आधी कौन्सिलकडून १०.७ सर्टिफिकेट (प्लॉटवरची बंधनं सांगणारा दाखला) काढून बुशफायर किंवा पुराचा शेरा आहे का ते बघा.

सगळ्यात आधी पावसाच्या पाण्याचं बघा. घर रस्त्यापासून २५ मीटर मागे गेलं, तर तिथली जमीन रस्त्यापेक्षा ३ मीटर खाली असेल. छताचं पन्हाळसुद्धा जेमतेम रस्त्याच्या पातळीला येतं, त्यामुळे पाइप भरलेला ठेवून पाणी दाबाने रस्त्याकडे चढवायची चार्ज्ड लाइन इथे जवळजवळ बाद. मागच्या शेजाऱ्याच्या जागेतून ड्रेनेज ईझमेंट (पाणी नेण्याचा नोंदवलेला हक्क) आहे का? नसेल तर करार करण्याआधी हायड्रॉलिक इंजिनिअरला गाठा. अशा प्लॉटवरचे बरेच प्रकल्प इथेच अडकतात, आणि तेही डिपॉझिट भरून झाल्यावर.

सांडपाण्याचं उलट असतं. सिडनी वॉटरची (पाणीपुरवठा-सांडपाणी संस्था) सुअर लाइन बहुधा मागच्या, खालच्या बाजूला असते. १०० मिमी पाइपला ६० ला १ उतार लागतो, म्हणजे २० मीटरला साधारण ३३ सेंमी, तो सहज मिळेल. मात्र लाइन घराच्या जवळून जात असेल तर पाया तिच्या प्रभावक्षेत्राखाली (भोवतीची माती, जिच्यावर घराचा भार येऊ नये) न्यावा लागतो आणि खर्च वाढतो. सिडनी वॉटरकडून प्लॅन मंजूर करून घ्या.

आता घर कसं बसवायचं. १२ मीटरची बाजू उतारावर उभी ठेवली तर दोन टोकांत दीड मीटरचा फरक. तीच बाजू कंटूरला (समान उंचीच्या रेषेला) समांतर आडवी ठेवली, तर फरक ५ मीटरवरचा, म्हणजे ६२ सेंमी. रुंदीत १२ आणि दोन्हीकडे ०.९ मीटर धरून १३.८ होतात, १५ मध्ये मावतं. जमीन कापून सपाट करण्याच्या फंदात पडू नका. कापलेल्या बाजूला रिटेनिंग वॉल आणि तिच्यामागे अ‍ॅग पाइप (पाणी वाहून नेणारा छिद्रांचा पाइप) लागतो, टाकलेल्या भरावावर साइट क्लास 'पी' (अडचणीची जमीन) होण्याची शक्यता असते आणि वरून येणारं पाणी भिंतीमागे साठतं.

खांबांवरच उचला. वरच्या कडेला बेअररखाली (खांबांवरची मुख्य तुळई) ४०० मिमी मोकळी जागा सोडा, वाळवीची तपासणी त्याशिवाय होत नाही. बेअरर, जॉइस्ट (त्यावरच्या आडव्या तुळया) आणि फरशी मिळून साधारण ३२० मिमी, म्हणजे फरशी जमिनीपासून ७२० मिमी वर. खालच्या कडेला तीच १.३४ मीटर येते. तिकडे डेक काढलात तर कठडा सक्तीचा, कारण पडण्याची उंची १ मीटरहून जास्त, आणि गजांमधली फट १२५ मिमीच्या आत हवी.

आई-बाबांसाठी १८० मिमीच्या चार पायऱ्या होतात, पण गुडघ्यांचा विचार करता मी तो पर्याय सुचवणार नाही. १४ ला १ चा रॅम्प १० मीटर लांब होईल. त्यापेक्षा दार वरच्या बाजूला, मुख्य घराकडे काढा आणि तिथून सपाट डेक न्या. जमीन त्या दिशेने चढतेच आहे, पावणेसहा मीटरवर ती फरशीच्या पातळीला येऊन मिळते. पायरी नाही, चढ नाही. हा डेक सीडीसीच्या नकाशात पहिल्यापासून दाखवा, आणि सक्ती नसली तरी दोन्ही बाजूंना धरायला कठडा घाला.

खांबांचा प्रकार मातीवर ठरतो. तुमच्याकडे शेल खडकावरची, ओलीने फुगणारी चिकणमाती निघाली तर स्क्रू पाइल (जमिनीत पिळून बसवायचे स्टीलचे खांब) चांगले, पण खाली सॅंडस्टोन किंवा सुटे मोठे दगड असतील तर पाइल मध्येच अडकतो आणि खड्डा कोरून ओतलेले काँक्रीट खांब (पिअर) घ्यावे लागतात. म्हणून माती परीक्षणात वरच्या आणि खालच्या कडेला निदान एकेक बोअर मागा. उंच खांबांना तिरके आधार (ब्रेसिंग) लागतात, ते कोटेशनमध्ये लिहून घ्या. उतारावर वाऱ्याचा वर्गही वाढू शकतो. 'एन२' वर्गासाठी बनवलेलं किट जास्त वाऱ्याच्या 'एन३' जागी चालणार नाही.

शेवटी, पूर्ण तयार मॉड्यूल की जागेवर जोडायचं पॅनेलचं किट? मॉड्यूल क्रेनने घरावरून मागे उचलावं लागेल, आणि क्रेनचं टनेज बुंध्याजवळचं असतं, २५ मीटर लांब हात केल्यावर त्याचा छोटासा हिस्साच उरतो. वर विजेच्या तारा आणि उतारावर आउटरिगर (क्रेनचे टेकू) बसवायचा प्रश्न. तुमच्या बाजूच्या गल्लीतून पॅनेल माणसं उचलून नेऊ शकत असतील, तर मी किटच घेईन. वेळ थोडा जास्त लागतो, पण एकदा मॉड्यूल आल्यावर "क्रेन पोहोचत नाही" हे ऐकण्यापेक्षा बरं.