घरमालक वाड्याची दुरुस्ती करत नसेल, तर त्याला दंड होतो का?

जुन्या नाशकातील वाड्यात तुमचे कुटुंब अनेक वर्षांपासून भाड्याने राहते, पावसात छत गळते, संडासाची पाइप फुटली आहे आणि तक्रार केली की मालक उलट पाणी तोडण्याची धमकी देतो, असे तुम्ही लिहिले आहे. मी भाड्याच्या प्रकरणांत वकिली करते, म्हणून आधीच स्पष्ट सांगते: केवळ दुरुस्ती टाळली म्हणून भाडे नियंत्रण कायद्यात मालकाला दंड नाही, पाणी तोडले तर मात्र शिक्षा आहे. तरीही दंडापेक्षा अधिक उपयोगी पडेल असा अधिकार त्याच कायद्याने भाडेकरूला दिलेला आहे आणि बहुतेकांना तो ठाऊकच नसतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, भाडेकरूने वेगळे काही कबूल केलेले नसेल तर, जागा राहण्याजोगी ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊनही वाजवी मुदतीत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. भाडे महिना ८,००० रुपये असेल, तर वर्षाला २४,००० रुपयांपर्यंत वजावट होते. नोटिशीत काय मोडले आहे, कधीपासून आणि कोणत्या खोलीत, हे नेमके लिहा, सोबत छायाचित्रे जोडा आणि पोच मिळेल अशा टपालानेच पाठवा. सिमेंटच्या बिलापासून गवंड्याने सही करून दिलेल्या मजुरीच्या पावतीपर्यंत सगळे कागद जपून ठेवा, कारण खर्चाचा पुरावा तोच आहे. आणि कृपा करून रागाच्या भरात भाडे पूर्ण थांबवू नका. थकबाकीच्या कारणाने घर खाली करून मागण्याची संधी मालकाला आयतीच मिळते.

मला खटकते ती गोष्ट अशी की, जिथे छप्पर सर्वाधिक गळते तिथेच हा अधिकार तोकडा पडतो. जुन्या वाड्यात भाडे महिना २०० रुपये असेल, तर वर्षाची वजावट ६०० रुपये होते आणि तेवढ्यात छताचा एक कोपराही दुरुस्त होत नाही. म्हणून वाड्यातील सर्व भाडेकरूंनी मिळून नोटीस देणे आणि दुरुस्ती करणे श्रेयस्कर. कायद्याने त्याचीही मुभा दिली आहे.

पाणी, वीज, जिन्यातील दिवा किंवा संडासाची सोय मालकाने सबळ कारणाशिवाय तोडली, तर कलम २९ लागू होते. न्यायालय ती सोय पूर्ववत करण्याचा आदेश देऊ शकते, आदेश न पाळल्यास दर दिवशी १०० रुपयांपर्यंत दंड करू शकते आणि गुन्हा सिद्ध झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. भाड्याची पावती न देणे हाही कलम ३१ खाली दंडनीय गुन्हा आहे.

तुमच्यासारखे जुने भाडेकरू नसलेल्या, गंगापूर रोड किंवा सातपूरकडे अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’वर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवाना करारावर, राहणाऱ्यांनी कलम १४ वर विसंबू नये; दुरुस्ती कोणी करायची हे करारातच लिहून घ्यावे. करार नोंदवण्याची जबाबदारी कलम ५५ नुसार मालकाची असून, ती टाळल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

वाडा तीस वर्षांहून जुना असेल, तर महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार त्याचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे अभियंत्याकडून इमारतीच्या मजबुतीची तपासणी, बंधनकारक आहे आणि ते न केल्यास २५,००० रुपये किंवा एका वर्षाचा मालमत्ता कर, यांपैकी जास्त असेल तेवढा दंड आहे. ही जबाबदारी मालकाबरोबर भोगवटादारावर, म्हणजे तिथे राहणाऱ्यावरही येते. महापालिकेच्या विभागीय कार्यालयात अर्ज देण्यापूर्वी मात्र घरातल्या सर्वांशी बोला, कारण इमारत धोकादायक ठरली तर ती रिकामी करण्याची नोटीस तुम्हालाही येईल. तशी वेळ आलीच, तर सामान हलवण्याआधी तुमच्या ताब्यातील जागेचे मोजमाप लेखी नोंदवून घ्या.